रॉजर म्हणजे मान्य नव्हे

मागच्या रविवारी सकाळी सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात आम्ही सोलापूरचे सात-आठ हॅम जमलो होतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं सांकेतिक नाव, मिळवायचं आणि स्वतःच्या सेटवरून जगभरच्या हॅमशी बोलायचं, हा आमचा छंद. एरवी एकमेकांना आवाजावरून ओळखणारी माणसं समोरासमोर बसली की त्याला आमच्यात ‘आयबॉल’ म्हणतात. आयबॉलच्या गप्पा अँटेनावरून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात. या वेळी मात्र विषय निघाला आमच्या राष्ट्रीय संघटनेचा, अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडियाचा: तिचा कारभार कसा चालावा, निवडणूक व्हावी की सर्वसंमतीने नावं ठरावीत, आणि मुळात आपण सभासद व्हावं का. तासभर वाद झाला, आवाज चढले. दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं. तिथे ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

एका बाजूला होते रेल्वेच्या दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका. त्यांचं म्हणणं असं: ‘‘संघटना चालवणारी माणसं पदरमोड करून काम करतात. पगार नाही, मान नाही. तुम्ही घरी बसून त्यांना हिशेब विचारणार? आधी काम करा, मग बोला.’’ समोर होता दोन वर्षांपूर्वी परवाना मिळालेला एक तरुण इंजिनिअर. तो म्हणाला, ‘‘काका, परीक्षा सरकार घेतं, परवाना सरकार देतं, सेट मी घेतला, अँटेना मी गच्चीवर उन्हात उभं राहून बांधली. वर्गणी भरून मला काय मिळणार ते सांगा, लगेच भरतो.’’ दोघंही मनापासून बोलत होते. पण दोघांच्याही बोलण्यात एकच गृहीतक होतं. संघटना ही सेवा आहे. काकांच्या लेखी ती काही जणांनी इतरांची केलेली सेवा, म्हणून घेणाऱ्याने उपकार मानून गप्प राहायचं. तरुणाच्या लेखी ती पैसे मोजून घ्यायची सेवा, म्हणून माल पसंत नसेल तर दुकान बदलायचं. सभासद कोण, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. राष्ट्रीय हॅम संघटना ही सेवाही नाही आणि दुकानही नाही. ती आपण सगळ्यांनी मिळून दिलेलं मुखत्यारपत्र आहे. आपल्या वतीने बोलण्याचा, आपल्या वतीने हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार आपण काही माणसांना देतो. मुखत्यारपत्र देऊन झोपी जाणाऱ्याचं काय होतं, हे सोलापुरात ज्याच्या नावावर एक गुंठा तरी जमीन आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून सभासदांचा सहभाग ही संघटनेची शोभा किंवा सोय नव्हे, तिच्या शब्दाला वजन येतं ते त्यातूनच. आणि सहभाग म्हणजे पाच वर्षांतून एकदा मत टाकणं नव्हे. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात प्रश्न विचारले जातात का, त्यांची उत्तरं लेखी मिळतात का आणि विरोधी मत इतिवृत्तात नोंदलं जातं का, यावर तो मोजावा लागतो.

हे एवढं गंभीरपणे का घ्यायचं? शेवटी हा छंदच ना? टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या मंडळाचा कारभार कसा चालतो यावर कोणी वैचारिक लेख लिहीत नाही. फरक असा की तिकिटं जमवणाऱ्याच्या वहीवर दुसऱ्या कुणाचा डोळा नसतो. आमची वही म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, आणि तो सार्वजनिक मालमत्ता आहे. त्याच्यावर विमानसेवा, मोबाइल कंपन्या, उपग्रह, लष्कर अशा सगळ्यांची नजर असते. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीवर ढकललं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तो पट्टा लांबच्या संपर्कासाठी निरुपयोगी होता. त्याच ‘निरुपयोगी’ पट्ट्यावर हौशी लोकांनी प्रयोग केले आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवरचे हॅम एकमेकांशी दोन्ही बाजूंनी बोलले. शॉर्टवेव्हची, म्हणजे या आखूड लहरींची, किंमत जगाला कळली आणि अर्थातच तो पट्टा आता सगळ्यांना हवासा झाला. तेव्हा हौशी लोकांची जागा वाचली कशी? पॅरिसमध्ये १९२५ साली आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना स्थापन झाली होती, देशोदेशीच्या संस्था उभ्या राहत होत्या, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हॅमचे बँड, म्हणजे त्यांच्या वाट्याचे लहरींचे पट्टे, आंतरराष्ट्रीय करारात लिहिले गेले. उत्तम अँटेना बांधणारे हजारो होते. करारात ओळ घालून घेण्यासाठी मात्र संघटना लागली.

हे जुनं झालं असं कोणी म्हणेल, म्हणून अलीकडचं सांगतो. जून २०१९ मध्ये युरोपातल्या एका बैठकीत फ्रान्सकडून प्रस्ताव आला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानसेवेच्या उपयोगासाठी अभ्यासाला घ्यावा. हा आमचा दोन मीटरचा बँड. सोलापुरातला नवा हॅम हातातला छोटा सेट घेऊन पहिल्यांदा बोलतो तो याच बँडवर. युरोपातल्या राष्ट्रीय हॅम संस्थांनी आपापल्या सरकारांकडे धाव घेतली आणि ऑगस्ट संपता संपता तो विषय मागे पडला. त्या दोन महिन्यांत आपल्या तरुण मित्राने गच्चीवर कितीही चांगली अँटेना बांधली असती तरी काही फरक पडला नसता. दुबईत २०२३ साली झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत १२४० ते १३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हॅम आणि उपग्रह दिशादर्शन यांनी एकत्र कसं नांदायचं हा विषय होता. अशा ठिकाणी व्यक्ती म्हणून कोणालाच खुर्ची नसते. आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा की एका देशाची एकच संस्था तिची सभासद. भारताच्या बाबतीत ती संस्था म्हणजे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया. तिची सुरुवात १५ मे १९४८ रोजी महू इथल्या लष्कराच्या सिग्नल्स शाळेत झाली, आणि १९५४ साली दिल्लीत तिला आजचं नाव मिळालं.

एका देशाची एकच संस्था, या नियमाचा अर्थ नीट पाहिला की सगळा वाद वेगळा दिसू लागतो. क्लब कितीही निघू शकतात आणि निघावेत. हैदराबादला १९८३ पासून राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था काम करते आहे, गावोगावी क्लब आहेत, आमचाही एक आठ जणांचा गोतावळा आहे. पण आंतरराष्ट्रीय टेबलावर देशाच्या हॅमसाठी एकच आवाज. म्हणजे मी वर्गणी भरली नाही तरी तो आवाज माझ्याच नावाने बोलणार. तरुण मित्र सभासद नसला तरी त्याच्या बँडबद्दल जे ठरेल ते त्याला लागू होणारच. दुकान बदलण्याची सोय इथे नाहीच. ज्या संस्थेतून बाहेर पडूनही तिच्या शब्दाच्या बाहेर पडता येत नाही, तिच्या आत शिरून बोलणं एवढाच मार्ग उरतो.

देशातही दिवस बदलाचे आहेत. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. आमची परीक्षा, आमचे परवान्याचे दर्जे, काय बोलावं आणि काय बोलू नये, हे सगळं ज्या १९७८ च्या नियमांवर उभं होतं त्यांचा पायाच बदलतो आहे. घराचा पाया बदलताना घरमालकाने बाहेरगावी असणं बरं नव्हे.

आता काकांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिलं म्हणजे कामाची माणसं खरोखरच बोटावर मोजण्याइतकी असतात. क्यूएसएल कार्डांचे, म्हणजे हवेवरच्या भेटीची पोच देणाऱ्या कार्डांचे, गठ्ठे वाटणं, मंत्रालयाच्या चकरा मारणं, परदेशातल्या बैठकांची शंभर शंभर पानांची कागदपत्रं वाचणं, हे सगळं नोकरी-धंदा सांभाळून करणाऱ्याला वर्षाच्या शेवटी ‘तुम्ही काय केलं?’ असं कोणीतरी खुर्चीत रेलून विचारतं, तेव्हा किती लागतं हे मी जवळून पाहिलं आहे. दुसरं, विषय तांत्रिक आहेत. कोणत्या पट्ट्यात किती शक्तीने प्रक्षेपण करावं हे हात वर करून ठरत नाही. तिसरं, निवडणूक झाली की माणसं तुटतात. आमच्यासारख्या छोट्या बिरादरीत, जिथे संध्याकाळी पुन्हा एकाच फ्रिक्वेन्सीवर भेटायचं असतं, तिथे गट पडणं परवडत नाही. चौथं, देश मोठा आहे. सोलापूरच्या माणसाने एका दिवसाच्या सभेसाठी दोन रात्री रेल्वेत काढाव्यात अशी अपेक्षा करणं अवघड आहे.

निवडणुकीने कटुता येते या मुद्द्याला तर मराठी वाचकाला परिचित असा मोठा पुरावा आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष वर्षानुवर्षं मतदानाने निवडला जात असे. मतदार साधारण हजारभर, तेही घटक संस्थांनी ठरवलेले. त्या निवडणुकीत होणारी गठ्ठा मतं, पत्रिका गोळा करण्याचे प्रकार आणि चिखलफेक यांना कंटाळून अनेक चांगले लेखक उभेच राहत नसत. अखेर २०१८ मध्ये महामंडळाने घटना बदलून निवडणूक बंद केली आणि जानेवारी २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे सन्मानाने निवडल्या गेल्या. त्या निवडीने पुष्कळांना, मलाही, समाधान वाटलं. मग तसंच हॅम संघटनेत का नको? जाणत्यांनी बसावं, योग्य नाव ठरवावं, भांडण टळावं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. संमेलनाध्यक्षपद हा सन्मान आहे. अध्यक्ष वर्षभर व्याख्यानं देतो, कोणाच्या वतीने करारावर सही करत नाही. सन्मान ठरवायला जाणत्यांची समिती पुरेशी आहे. मुखत्यार ठरवायला ती चालत नाही, कारण मुखत्याराने चूक केली तर भोगणारा वेगळा असतो. आणि दुसरं, त्या जुन्या निवडणुकीत बिघडलं काय होतं? मतदान बिघडलं होतं की मतदारसंघ? लाखो वाचकांच्या वतीने हजार माणसं मत देणार, आणि त्या हजारांच्या याद्या मोजक्या संस्थांच्या कपाटात राहणार, अशी व्यवस्था असेल तर गठ्ठे बांधणं सोपंच असतं. दार अरुंद होतं म्हणून रेटारेटी झाली. तिच्यावर दार बंद करणं हा एक उपाय झाला, दार रुंद करणं हा दुसरा. हॅम संघटनेला दुसरा घ्यावा लागेल.

विषय तांत्रिक असतात, म्हणून ते जाणत्यांवर सोडावेत, या मुद्द्याचं उत्तर या छंदाच्या इतिहासातच आहे. अमेरिकेतली एआरआरएल (अमेरिकन रेडिओ रिले लीग) ही १९१४ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांनी उभी केलेली जगातली सर्वांत मोठी हॅम संस्था. १९६३ मध्ये तिच्या धुरीणांनी ठरवलं की परवान्याचे दर्जे वाढवावेत, वरच्या दर्जाला जादा जागा द्यावी, म्हणजे लोक अभ्यास करून तांत्रिक ज्ञान वाढवतील. हेतू चांगला, तर्कही चुकीचा नव्हता. पण आधीपासून जे बँड वापरत होते त्यांच्याकडून त्यांतला काही भाग काढून घेतला जाणार होता, आणि त्यांना पटवून देण्याआधीच संस्थेने दिशा ठरवली होती. १९६७ मध्ये सरकारने तो बदल मान्य केला, पुढच्या दोन वर्षांत अमलात आणला, आणि लोक संस्था सोडून गेले. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या हॅमशी चाळीस वर्षांनंतर चौदा मेगाहर्ट्झवर बोलतानाही त्या दिवसांचा कडवटपणा त्याच्या आवाजात मी स्वतः ऐकला आहे. निर्णय तांत्रिक होता, जखम तांत्रिक नव्हती. कोणत्या बँडवर कोणती शक्ती योग्य हे अभियंता सांगेल. पण त्या योग्यतेसाठी कोणी काय सोडायचं, हे ज्याने सोडायचं त्याला विचारल्याशिवाय ठरत नाही.

त्याच संस्थेची अलीकडची हकिगत काकांच्या ‘आधी काम करा, मग बोला’ला उत्तर म्हणून सांगावीशी वाटते. २०१७ च्या अखेरीस तिथल्या संचालक मंडळाने आपल्याच एका निवडून आलेल्या संचालकावर जाहीर ठपका ठेवला. कारण, मंडळाच्या आचारसंहितेबद्दल तो सभासदांसमोर टीकेच्या सुरात बोलला होता. हा माणूस आळशी प्रेक्षक नव्हता. सभासदांनी निवडून दिलेला, काम करणारा संचालक होता. म्हणजे ‘काम करणाऱ्याने बोलावं’ ही अट पाळूनही बोलणं गुन्हा ठरू शकतं. सभासद खवळले, पत्रं गेली, क्लबांनी ठराव केले, आणि पुढच्या वर्षी मंडळाला तो ठपका मागे घ्यावा लागला. हे शक्य झालं कारण तिथे १५ विभाग आहेत, प्रत्येक विभागाचा संचालक तिथल्या सभासदांच्या मतांवर तीन वर्षांसाठी निवडून येतो, आणि आपला संचालक कोण हे सभासदाला माहीत असतं. तरीही त्या देशात सात लाखांहून जास्त परवानाधारक असताना सभासद त्यांच्या चौथ्या हिश्शाइतकेही नाहीत. म्हणजे तिथेही सगळं आलबेल नाही. पण जागा झालेला सभासद मंडळाला मागे फिरवू शकतो, एवढं त्या प्रसंगाने दाखवलं.

आता आपल्या घरचं उदाहरण. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. एक सभासद, एक मत, शेअर कितीही असोत, हे सहकाराचं तत्त्व इथल्या शेतकऱ्याला शाळेत जायच्या आधी कळतं. आणि वार्षिक सभा कशी होते तेही. मांडव, सतरंज्या, व्यासपीठावर खुर्च्या. विषय क्रमांक एक वाचला जातो, वाचणाऱ्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर उठतो. विषय क्रमांक दोन. मंजूर. मागे कोणीतरी उभा राहून ताळेबंदातलं पान विचारतो, त्याचा माईक बंद होतो. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी अशा सभांना गेलो आहे. ज्यांचा ऊस कारखान्यात उभा होता, ज्यांची बिलं थकली होती, ती माणसं घरी येऊन ओसरीवर तावातावाने बोलत, पण सभेत गप्प बसत. का? त्यांना मत नव्हतं म्हणून नाही. अहवाल हातात सभेच्या दारात पडायचा, आकडे वाचायला वेळ नसायचा, आणि पहिला ‘मंजूर’ उठला की दुसरं काही म्हणणं म्हणजे गावात वैर घेणं. ९७ व्या घटनादुरुस्तीच्या पाठोपाठ सहकार कायद्यात ‘क्रियाशील सभासद’ ही कल्पना आली. पाच वर्षांत किमान एका सभेला तरी हजर राहावं अशी तिची एक अट. हेतू समजतो. पण सतरंजीवर बसून गप्प राहिलेला माणूस क्रियाशील कसा, याचं उत्तर कायद्याला देता आलं नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या सभेची नोटीस काढून पाहा, वाचनालयाची, गृहनिर्माण सोसायटीची, पतसंस्थेची. तळाशी टीप असतेच: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी होईल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. लोक येणार नाहीत हे आमंत्रणातच गृहीत धरलेलं असतं. आणि विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. ज्याच्याबद्दल प्रश्न विचारायचा त्याच्याच परवानगीने. ही वाक्यं कोणी दुष्टपणे लिहिली नाहीत, सोय म्हणून आली आणि रूढ झाली. पण त्यांनी सभासदाला काय शिकवलं? की तू नसलास तरी चालतं.

हॅमला हे दुप्पट खुपायला हवं, कारण आमच्या शिस्तीत याच्या बरोबर उलटं शिकवलं जातं. रेडिओवर आम्ही ‘रॉजर’ म्हणतो. बाहेरच्या लोकांना वाटतं रॉजर म्हणजे हो, ठीक आहे, कबूल. तसं नाही. रॉजर म्हणजे तुझा निरोप पूर्ण मिळाला, एवढंच. तो पटला की नाही, पाळणार की नाही, हे वेगळं सांगावं लागतं. नव्या हॅमला ही गोष्ट पहिल्या आठवड्यात समजावून सांगतात, कारण आपत्तीच्या वेळी ‘ऐकलं’ आणि ‘मान्य’ यांची गल्लत झाली तर माणसं मरतात. आणि तीच आम्ही माणसं सभेत बसलो की टाळी म्हणजे मान्यता, शांतता म्हणजे संमती आणि अर्ज एकच आला म्हणजे एकमत, असं धरून चालतो. ‘बिनविरोध’ हा शब्द आपल्याकडे अभिमानाने बातमीत छापतात. बिनविरोध निवड कधी कधी खऱ्या विश्वासातून होते, हे कबूल. पण ओळीने प्रत्येक वेळी बिनविरोध? बँडवर संपूर्ण शांतता असली की शहाणा हॅम बँड बंद आहे, म्हणजे लहरी पोहोचतच नाहीत, असं लगेच म्हणत नाही. पुष्कळदा सगळेच ऐकत बसलेले असतात आणि कोणीच हाक देत नसतं. एकाने सीक्यू, म्हणजे ‘कोणी आहे का’ अशी सगळ्यांना हाक, दिला की चहूकडून स्टेशनं उगवतात.

आमची ‘नेट’ कशी चालते ते पाहा. नेट म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ठरलेल्या वेळी भरणारी सभाच. तिचा नेट कंट्रोल, म्हणजे सूत्रधार, आधी विचारतो, कोणाकडे तातडीचा निरोप आहे का? मग थांबतो. खरोखर थांबतो, कान देऊन. मग कमी शक्तीच्या, प्रवासातल्या, क्षीण आवाजाच्या स्टेशनांना आधी हाक देतो, कारण जोरदार सिग्नलवाला केव्हाही ऐकू येईल, क्षीण स्टेशनसाठी बँड कधी बंद होईल सांगता येत नाही. एखादा आवाज मोडका आला तर दुसरं स्टेशन पुढे होऊन त्याचा निरोप पोहोचवतं. सभा चालवण्याची याहून सुसंस्कृत पद्धत मला माहीत नाही. आणि हवेवर सगळे सारखे. राजीव गांधींकडे व्हीयू टू आरजी हे कॉलसाइन होतं, जॉर्डनचे राजे हुसेन जेवाय वन म्हणून येत. त्यांच्याशी बोलणाराही त्यांना कॉलसाइननेच हाक मारायचा. ज्या लोकांनी राजालाही रांगेत उभं केलं, त्यांनी आपल्याच अध्यक्षाला प्रश्न विचारायला बिचकावं?

अंतराचा मुद्दा राहिला. तो १९६० साली निरुत्तर करणारा होता, आज नाही. हजारो किलोमीटरवर पाच वॅटने बोलण्यात धन्यता मानणाऱ्यांनी दिल्ली लांब आहे म्हणणं शोभत नाही. सभा दूरस्थ पद्धतीने घेता येते, मतदान गुप्त आणि दुरून करता येतं. इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण उत्साहात कोणी सुचवेल: हे सगळं बँडवर करू नये. आमच्या परवान्याने दिलेलं बोलणं तांत्रिक आणि व्यक्तिगत स्वरूपाचं आहे. निवडणुकीचा प्रचार हवेवर आणला तर नियमही मोडेल आणि संध्याकाळही. त्यासाठी फोन आहेत, कागद आहेत.

खरी गरज त्याहून साधी आहे. हिशेब आणि विषयपत्रिका सभेच्या महिनाभर आधी हातात. लेखी प्रश्नांना लेखी उत्तरं, ती सगळ्यांना दिसतील अशी. संघटना सरकारकडे किंवा आंतरराष्ट्रीय बैठकीत एखादी भूमिका मांडणार असेल, तर तिचा मसुदा आधी सभासदांपुढे, आणि न पटणाऱ्यांचं म्हणणं त्याच कागदावर खाली नोंदलेलं. एका पदावर किती वेळा राहायचं याला मर्यादा. पदावरच्या माणसावर अविश्वास म्हणून नव्हे, तर त्याच्या मागे दुसरा तयार व्हावा म्हणून. काका म्हणतात माणसं मिळत नाहीत. खरं आहे, पण ज्या घरात वीस वर्षं सासूच चहा करते त्या घरात सुनेला चहा येत नाही यात सुनेचा दोष किती?

आणि सभासदाची बाजूही तितकीच कडक असायला हवी. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा आहे, आणि त्याच्या १५ व्या कलमात साफ लिहिलं आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मतही नाही आणि सभासदांत मोजणीही नाही. वर्गणी थकवून हॉटेलात बसून संघटनेला नावं ठेवणं हा सहभाग नव्हे. आमच्या आठांपैकी वर्गणी चालू असलेले निम्मेही नाहीत, हे त्या रविवारी उघड झालं. त्यात सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारे दोघं थकबाकीदार निघाले.

या सगळ्याच्या मुळाशी माझ्यासाठी एक पहाट आहे. ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. मी शाळेत होतो. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीने दमून झोपलेलं घर हललं, भांडी फडताळातून पडली, आई आम्हाला ओढत अंगणात घेऊन आली. सोलापूर वाचलं. शंभरेक किलोमीटरवरच्या किल्लारी आणि आसपासच्या गावांत जवळपास दहा हजार माणसं गेली. मामाचं गाव उमरग्याकडे होतं आणि दोन दिवस काही कळत नव्हतं. त्या दिवसांत बाहेरून आलेल्या काही माणसांनी काठीला तार बांधून, गाडीच्या बॅटरीवर सेट लावून निरोप पोहोचवले, हे मी नंतर मोठ्यांच्या तोंडून ऐकलं आणि हॅम हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. पुढे २००१ च्या भुज भूकंपात आणि २००४ च्या सुनामीत अंदमानात हॅमनी तेच केलं. त्या कामासाठी बँड शिल्लक असावे लागतात, परवाने वेळेत मिळावे लागतात, आणि जिल्हाधिकाऱ्याला हॅम म्हणजे काय हे संकटाच्या आधी माहीत असावं लागतं. हे तिन्ही कोणा एकट्याच्या गच्चीवरून होत नाही.

म्हणून पुढच्या आयबॉलला मी दोन गोष्टी घेऊन जाणार आहे. एक, थकलेल्या वर्गणीचे अर्ज. तरुण मित्रासाठी नव्या सभासदत्वाचा. दुसरी, आम्ही आठ जण संघटनेला पाठवू त्या प्रश्नांचा कोरा कागद. पहिला प्रश्न काकांनी सांगायचा, कारण गेल्या तीस वर्षांत कोणी त्यांना तो विचारायला सांगितलाच नाही. त्यांच्या मनात एक आहे. हॉटेलातून निघताना स्कूटरला किक मारता मारता ते मला म्हणाले होते, ‘‘अरे, त्या दोन मीटरवाल्या पट्ट्याबद्दल आपल्याकडून कोणी काही कळवलं होतं का तेव्हा?’’